डबलसीटचे पाय ठेवायचे कुठे?

बेंगळुरूची पोस्टिंग आली की फौजी माणूस पहिल्या महिन्यात दोन कामं करतो. मुलांच्या शाळेची चौकशी करतो आणि गावाकडे झाकून ठेवलेली मोटरसायकल रेल्वेने मागवून घेतो. मीही तेच केलं. तीन वर्षं फील्डला काढल्यावर फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. मनात पक्कं होतं की आता प्रत्येक सुट्टीला दोघांनी गाडीवरूनच गावी जायचं. हलसूरहून निघायचं, तुमकूर रोड धरायचा, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव मागे टाकायचं आणि संकेश्वरला वळलं की गडहिंग्लज आलंच. साडेपाचशेहून थोडे जास्त किलोमीटर, रस्ता चांगला, गाडी साडेतीनशे सीसीची टूरिंग. आणखी काय पाहिजे?

पहिल्याच फेरीत हावेरीच्या अलीकडे बायको म्हणाली, "अहो, जरा थांबवा. माझा पाय कुठे आहे तेच मला कळेना झालंय."

थांबलो. तिला गाडीवरून उतरता येईना. गुडघे आखडलेले, तळवा बधिर. त्याआधी एका स्पीडब्रेकरवर तिचा उजवा पाय फूटरेस्टवरून घसरून सायलेन्सरला लागला होता, पोटरीवर रुपयाएवढा फोड आला होता. ती बोलली नव्हती. मी काय म्हणालो? सगळे नवरे म्हणतात तेच. "सवय होईल."

सवय झाली नाही. पुढच्या सुट्टीला ती मुलांना घेऊन बसने गेली आणि मी गाडीने. एकाच गावाला, एकाच दिवशी, नवराबायको दोन वाहनांनी. तीन वर्षं वेगळं राहिल्यानंतर ही आमची सुट्टी! माझं भांडण आहे ते या 'सवय होईल'शी, आणि ते आधी माझ्या स्वतःशी आहे.

टूरिंग गाडी विकत घेताना आपण काय बघतो? हँडल किती उंच, सीटला कुशन किती, चालवणाऱ्याचे पाय पुढे की मागे, काचेने वारा अडतो की नाही. सगळं पुढच्या माणसाचं. मागच्याच्या पायाखाली काय असतं? बोटभर लांबीचा, रबर चढवलेला एक दांडा. तोही उंच आणि मागे, त्यामुळे गुडघा सतत दुमडलेला. पायाचं सगळं वजन तळव्याच्या मधल्या दोन इंचांवर. चालवणारा गियर टाकतो, ब्रेक मारतो, सिग्नलला पाय टेकवतो, म्हणजे त्याचे पाय हलत राहतात. मागच्याचे पाय चार तास एकाच जागी. रक्त उतरत नाही, पाय बधिर होतो, आणि बधिर पायाला आपण घसरतोय हे कळत नाही. यात नाजूकपणाचा प्रश्न कुठे येतो? आमच्या जवानांना परेडला तासभर एका जागी उभं केलं तरी बुटातल्या बुटात बोटं हलवायला शिकवतात. का शिकवतात ते प्रत्येक फौजीला ठाऊक आहे.

गंमत बघा. ऑफिसला जायच्या साध्या शंभर सीसीच्या गाडीला डाव्या बाजूला साडीगार्ड असतो आणि त्याला पाय ठेवायला चांगली रुंद पट्टी असते. एका बाजूला बसलेली बाई दोन्ही पाय ठेवून बाजारहाट करून येते. दोन-अडीच लाख मोजून लांबच्या प्रवासाची गाडी घेतली की ती पट्टी जाते. कधीकधी कंपनी देतेही, पण आपण शोरूमच्या दारातच ती काढून घेतो, कारण 'लूक' जातो. मी स्वतः काढली होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ म्हणतो की मागे माणूस बसणार असेल तर धरायला पक्का हात हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. सरकारला मागे बसणाऱ्या बाईच्या साडीची काळजी होती. नवऱ्याला गाडीच्या फोटोची होती.

रविवारी सकाळी नंदी हिल्सच्या वाटेवर इडली खायला जमणाऱ्या मंडळींपुढे मी हा विषय काढला. एकाने सांगितलं, "फूटबोर्ड म्हाताऱ्यांना." दुसरा म्हणाला, "मागे बसायचं तर बॅलन्स शिकावा लागतो." यातला एकही जण त्या वर्षात मागे बसून पन्नास किलोमीटर गेलेला नव्हता. मी विचारून घेतलं.

माझं मत खरं बदललं ते मात्र आमच्या भागातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांमुळे. सुरुंगात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरने, जे १९४४ पासून फौजेच्या जखमी माणसांना पुन्हा उभं करतंय, त्यांना पाय दिला. त्या पायावर ते शेतात जातात, जिना चढतात. सुट्टीत भेटायला गेलो तर मुलाच्या गाडीवरून डबलसीट येत होते. उतरताना वाकून काहीतरी सोडत होते. बघतो तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी! नकली पाय त्यांनी फूटरेस्टला बांधला होता.

"साहेब, हे काय?"

"अरे, या पायाला दांडा लागतच नाही. खड्ड्यात कधी सुटतो कळत नाही. बांधलेला बरा."

गाडी आडवी झाली तर हा माणूस गाडीबरोबर फरफटत जाईल, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. दुसरा मार्ग त्यांच्यापुढे कुणी ठेवला नव्हता. त्या दिवसापासून 'फूटबोर्ड म्हणजे चैन' असं कुणी म्हटलं की मला ती ट्यूबची पट्टी आठवते.

बेंगळुरूला परतलो आणि ठरवलं, फूटबोर्ड घरीच बसवायचे. पण इथे माझं दुसरं भांडण सुरू होतं, आणि ते जुगाडाशी आहे. जे.सी. रोडवर विचारलं तर एका दुकानदाराने दहा मिनिटांचा इलाज सांगितला: दांड्यावर पत्रा ठेवायचा, वेल्डिंगचे चार टाके मारायचे, रबर चिकटवायचं. हा इलाज आजारापेक्षा वाईट आहे. का ते सांगतो.

मूळ दांड्यावर पाय पडतो तो खिळीपासून चार-पाच सेंटीमीटरवर. रुंद फळी बसवली की बाहेरच्या कडेवर तो दहा-बारा सेंटीमीटरवर पडतो. वजन तेच, पण तरफ दुप्पट-अडीचपट लांब. शिवाय फळी पुढे वाढवली की ती दांड्याभोवती फिरायला बघते, आणि ते फिरणं अडवायला एकटी खिळी पुरत नाही. त्यावर आणखी एक हिशोब: हळूच ठेवलेल्या वजनापेक्षा अचानक पडलेलं वजन दुप्पट ताण देतं. साठ किलोची बाई गाडीवर चढताना एका पायावर सगळं वजन टाकते, तेव्हा फळीने एकशेवीस किलो तोलायला हवेत. वेल्डिंगचा टाका हे तोलेल की नाही ते बाहेरून दिसत नाही, आणि तुटतो तो खड्ड्यातच.

म्हणून मी दोन आधारांचा ब्रॅकेट केला. एक टोक मूळ फूटरेस्टच्या जागी, दुसरं टोक सॅडलबॅगची फ्रेम ज्या बोल्टला लागते तिथे. दोन्ही जागा चॅसीवरच्या. चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या स्विंगआर्मला पायाखालचं काहीही लावू नये, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला गुडघा उडतो. फळी ब्रॅकेटला बिजागरीने जोडली, म्हणजे वळणावर जमिनीला टेकली तर वर दुमडते. पुठ्ठ्याचे नमुने आधी केले, बायकोला तिच्या नेहमीच्या चपला-बुटांसह गाडीवर बसवून. माप तिच्या पायाचं घेतलं, फोटोतल्या गाडीचं नाही. पीन्याच्या एका छोट्या वर्कशॉपने खडबडीत ॲल्युमिनियमची प्लेट कापून दिली. कडा गोल घासल्या, पाणी जायला भोकं पाडली.

पहिला प्रयत्न फसला. मी फळी तीस सेंटीमीटर लांब केली होती. दिसायला झकास, पण सिग्नलला पाय टेकवला की तिची पुढची कड माझ्याच पोटरीत बसायची. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये दोन दिवसांत दोन्ही पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. चोवीसवर आणली. ब्रॅकेटही सपाट पट्टीचा होता, तो वाकला. तो कसा कळला? गाडी मेन स्टँडवर लावून दुसऱ्या बाजूने दोराने खांबाला बांधली. मी आणि शेजारचा नायक, मिळून एकशेचाळीस किलो, एकेक पाय टाकून बाहेरच्या कडेवर उभे राहिलो. आधी आणि नंतर कडेची जमिनीपासूनची उंची मोजली. तीन मिलीमीटर कमी भरली. म्हणजे माल नापास. दुसरा ब्रॅकेट अँगलच्या आकाराचा केला, पुन्हा उभे राहिलो, माप जिथल्या तिथे.

नट नायलॉकचे, टॉर्क रेंचने आवळलेले, आणि प्रत्येक नटावरून चॅसीवर पिवळ्या रंगाची एक रेघ. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळलं. फौजेत कुठलीही गाडी फर्स्ट परेडशिवाय बाहेर पडत नाही आणि मुक्कामाला लास्ट परेडशिवाय उभी राहत नाही. घरच्या गाडीला हा नियम लावायला आपल्याला कोण अडवतं?

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे कडक शब्दांत सांगितलं. म्हणून मी चॅसीला एक भोक पाडलं नाही, एक टाका मारला नाही. सगळं कंपनीच्याच बोल्टांवर, आणि अर्ध्या तासात मूळ फूटरेस्ट परत बसतो. तुमच्या गाडीला असं जमत नसेल तर करू नका, आणि विमा कंपनीला आधी विचारा. लडाखसारख्या कच्च्या रस्त्यांवर तर मूळ दांडाच बरा, कारण तिथे मागच्यालाही दांड्यावर उठून उभं राहावं लागतं. हे सगळं मान्य. पण 'नियमात बसत नाही' म्हणून साडीगार्ड काढणारा आणि सायलेन्सर बदलणारा माणूस मला फूटबोर्डबद्दल कायदा शिकवू लागला की हसू येतं.

याच शहरात आमच्या आर्मी सर्व्हिस कोरच्या टोर्नेडोज टीमने १९ नोव्हेंबर २०१७ रोजी येलहंकाच्या हवाई तळावर एका ५०० सीसी गाडीवर ५८ जवान चढवून १२०० मीटर नेले. विश्वविक्रम झाला. ते धाडस बंद धावपट्टीवरचं, रस्त्यावर करायचं नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: त्या गाडीभोवती मुद्दाम फ्रेम बांधली होती, म्हणजे माणसांना पाय ठेवायला जागा केली होती. पाय टेकल्याशिवाय माणूस गाडीवर टिकत नाही, हे विक्रम करणाऱ्यांना पहिल्या दिवशी कळलं होतं. एका बायकोच्या दोन पायांसाठी मला नऊ वर्षं लागली.

गेल्या सुट्टीत मुलं आजीकडे आधीच गेली होती. आम्ही दोघं गाडीने निघालो. हावेरीला मी विचारलं, "थांबू का?" ती म्हणाली, "धारवाडला थांबा, पेढे घ्यायचेत." सुभेदार साहेबांच्या मुलाच्या गाडीसाठी दुसरी जोडी केली आहे. डाव्या फळीला टाच मागे घसरू नये म्हणून दोन सेंटीमीटरची उभी कड ठेवली आहे. ट्यूबची पट्टी मी मागून घेतली आणि कापून टाकली.

माजी सैनिक बंधूंनो, आणि टूरिंगच्या गप्पा मारणाऱ्या दोस्तांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. येत्या रविवारी गाडीची चावी दुसऱ्याला द्या आणि स्वतः मागे बसून शंभर किलोमीटर जाऊन या. घरी आल्यावर उतरताना काय होतं ते बघा, मग बायकोला किंवा वडिलांना विचारा की इतकी वर्षं ते काय म्हणत होते. पाना त्यानंतर हातात घ्या.

जय हिंद.