एलेनच्या आधीची तीन वर्षं

'साइनफेल्ड'ची पारायणं केलेल्यांना एलेन तोंडपाठ असते. पण एलेन झालेली ज्युलिया लुई-ड्रायफस त्याआधी १९८२ ते १९८५ 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये होती, हे फार कमी जणांना माहीत असतं. आली तेव्हा वय एकवीस, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सोडून. तीन वर्षांत गाजलेलं असं एक पात्र म्हणाल तर मला तरी सांगता येणार नाही.

यावर ठरलेलं वाक्य म्हणजे 'अपयशातूनच ती घडली'. आपल्या एचआरच्या स्लाइडवर शोभेल असं. मला हे अजिबात पटत नाही.

त्या शोचं गणितच बघा ना. आठवड्याच्या सुरुवातीला कल्पना मांडायच्या, मंगळवारची रात्र जागून लिहायचं, बुधवारी सगळ्यांसमोर वाचन. शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, त्यात न चाललेली स्किट्स कापायची आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. म्हणजे दर आठवड्याला रिलीज, आणि टेस्टिंग त्याच संध्याकाळी! अशा ठिकाणी स्वतःसाठी लिहून आणणारा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात हशा वसूल करणारा टिकतो. एडी मर्फी तिथे चमकला तो काही उगाच नाही.

ज्युलियाची ताकद वेगळी. समोरचा बोलत असताना ती जे ऐकते, ते बघण्यासारखं असतं. एलेनचा तो दोन्ही हातांनी मारलेला धक्का आठवा. आधीचं संभाषण मुरलं नसेल तर त्यात काहीच मजा नाही. चार मिनिटांच्या स्किटमध्ये हे मुरणार कधी? आपल्याकडे मीटिंगमध्ये आधी तोंड उघडणाऱ्याला अप्रेझलमध्ये 'व्हिजिबिलिटी'चे गुण मिळतात, त्यातलाच हा प्रकार. मोजपट्टी चुकीची असेल तर मोजलं गेलेलं माणूस त्यातून 'शिकलं' म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

तिथून तिने एकच कामाची गोष्ट नेली: लॅरी डेव्हिडची ओळख. हा गृहस्थ १९८४-८५ मध्ये तिथे लेखक होता आणि त्याचीही अवस्था तीच, वर्षभरात जेमतेम एक स्किट पडद्यावर! पुढे त्याने जेरी साइनफेल्डबरोबर मालिका काढली. १९८९च्या पहिल्या भागात एलेन नव्हतीच. चॅनलने बाईचं पात्र मागितलं आणि ज्युलिया आली.

बाकीचं सर्वश्रुत आहे. मधे 'वॉचिंग एली' दोन सीझनमध्ये गुंडाळली गेली, 'ओल्ड क्रिस्टीन'साठी २००६ मध्ये एमी मिळालं आणि 'वीप'साठी २०१२ ते २०१७ सलग सहा. (सहाव्याच्या दुसऱ्या दिवशी स्तनाच्या कर्करोगाचं निदान. उपचार घेऊन ती परत आली आणि २०१९ मध्ये शेवटचा सीझन आला.)

आणि हो, २००६ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ने तिला सूत्रधार म्हणून परत बोलावलं. तिथे काम करून गेलेल्या बायकांपैकी हा मान मिळालेली ती पहिली. तोवर शो सुरू होऊन तीस वर्षं उलटली होती म्हणे :-)