शह झाला चेक

‘जरा चेक करून सांगतो’ हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणाचा दिवस जात नाही. शिवाय बँकेतला चेक आहे, चेक्सचा शर्ट आहे, चेकनाका आहे, विमानतळावरचं चेक-इन आहे. ही सगळी मंडळी एकाच घरची. फक्त मूळ गाव इंग्लंड नव्हे, इराण.

बुद्धिबळात राजावर चाल करून गेलं की फारसी खेळाडू ‘शाह’ म्हणून समोरच्याला सावध करायचा. हा शाह अरबांबरोबर पश्चिमेला गेला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’ म्हणून उतरला. आपल्याकडे तो फारसीतून थेट आला, फारसा न झिजता: शह. निवडणुका लागल्या की मथळ्यांत जे शह-काटशह सुरू होतात, तोच हा. ‘मात करणे’मधली मातही त्याच पटावरची.

शह बसला की बाकीचे बेत गुंडाळून आधी राजाला वाचवावं लागतं. त्यावरून इंग्रजीत चेक म्हणजे अडवणं, थोपवणं, लगाम घालणं. पडताळून पाहण्याचा अर्थ त्याला चिकटला सतराव्या शतकाच्या अखेरीस. आधी अडवणूक, मग तपासणी! सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना यात नवल वाटू नये.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब व्हायचा ते टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद होतं. वर रेघा आखलेलं काळं कापड. त्यावर सोंगट्या मांडून पेन्स, शिलिंग, पौंडांची बेरीज चाले. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून त्या खात्याचं नाव पडलं एक्स्चेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्याच पटाचा चॅन्सेलर म्हणवतो. तेव्हाचे खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी तर लिहून ठेवलंय, की इथला डाव रंगतो तो खजिनदार आणि वसूल भरायला आलेला शेरिफ यांच्यात.

पावती म्हणजे हेझलच्या लाकडाची कांडी. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, एका पौंडाला जवाच्या पिकल्या दाण्याएवढी. मग कांडी उभी चिरायची. एक फाक पैसे भरणाऱ्याकडे, दुसरी खजिन्यात. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जोडल्या की खाचेला खाच भिडलीच पाहिजे. बँकेच्या चेकचं नावही असंच, फसवणूक टाळायला मागे ठेवलेल्या काउंटरफॉइलवरून आलेलं.

खरं चेक करणं हे. त्याला दुसरी फाक लागते आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात असावी लागते. एकच मेसेज तीन ग्रुपवर आला म्हणून ‘चेक केलंय, खरंय’ म्हणणारे एकाच फाकेकडे तीनदा बघत असतात.

कांड्यांचा हा व्यवहार १८२६ मध्ये बंद झाला. साठलेल्या कांड्या १६ ऑक्टोबर १८३४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत जाळायला काढल्या. दुपारी सभागृह बघायला आलेल्यांना बुटांतून जमिनीची धग लागत होती. तक्रार होऊनही काम थांबलं नाही. संध्याकाळी आग भडकली आणि संसदेची दोन्ही सभागृहं गेली. लंडनला गेल्यावर आपण बिग बेनसकट जिचा फोटो काढतो, ती इमारत त्यानंतर बांधलेली आहे.