गच्चीवरून दिसणारा जुलूस

ईद-ए-मिलादच्या सकाळी आमच्या कळंबच्या घरातल्या सगळ्या बायका गच्चीवर जातात. कठड्याला आदल्या रात्रीच चादरी बांधलेल्या असतात. त्या चादरींच्या फटीतून आम्ही जुलूस बघतो. गेली तीस-बत्तीस वर्षं मी तो असाच बघत आले आहे. पैगंबरांच्या (स.) जन्माचा आनंद मलाही आहे. दरूद मलाही पाठ आहे. फातेहाची शिरनी मी करते, पोरांच्या कुर्त्यांना इस्त्री मी करते. वर्गणी मागायला मुलं दारात येतात, तेव्हा पावती माझ्याही नावाने फाटते. पावती फाडताना बाई चालते. जुलूस निघाला की मात्र बाईने वर जायचं.

हे लिहू नकोस, असं घरातल्या काहींचं म्हणणं होतं. ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?’ मी म्हटलं, जुलूस तर चव्हाट्यावरूनच जातो. मग त्याच्याबद्दल बोलायचं तरी कुठं?

पूर्वी असं नव्हतं. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मी अब्बांचं बोट धरून जुलूसात चालले आहे. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. पोळा आला की बैलांच्या झुली, गणपतीत मंडळांचे पडदे, मिलादच्या आधी हिरव्या पताका, सगळं एकाच मशीनवर शिवलं जायचं. आमचं कळंब हे चिंतामणीचं गाव. साऱ्या विदर्भातून लोक त्या गणपतीच्या दर्शनाला येतात. अशा गावात आमचा जुलूस निघायचा तो पायी. पुढे मुलं-मुली, मागे मोठी माणसं, आणि हातगाडीवर बांधलेला एक भोंगा. त्यावर कोणीतरी नात म्हणायचं. आवाज फाटका असायचा, पण शब्द न् शब्द कळायचा. चौकात शेजारपाजारचे लोक पाण्याचे माठ भरून ठेवत. आमच्या शेजारच्या काकू ओट्यावर उभ्या असत. मला बघून अब्बांना म्हणत, ‘तिले बसू द्या इथं थोडं, पाय दुखले असन पोरीचे.’ मी ओट्यावर बसायची, काकूंच्या हातचं गूळपाणी प्यायची आणि पुन्हा जुलूसात पळायची.

पुढे एका वर्षी घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, ‘आता तू मोठी झालीस, वर जाऊन बघ.’ मी दहा वर्षांची होते. गंमत अशी, की त्याच वर्षी २६ जानेवारीच्या प्रभातफेरीत मी पहिल्या रांगेत होते. तोच रस्ता, तोच चौक, तीच माणसं. अब्बा दुकानाबाहेर येऊन उभे राहिले आणि मला बघून हसले. मोठी झाले, असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही. देशाच्या मिरवणुकीत मी लहान आणि नबींच्या मिरवणुकीत मोठी, हा हिशेब मला तेव्हाही कळला नव्हता, आजही कळत नाही.

नंतर डीजे आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहिली. नातेच्या शब्दांखाली सिनेमाचा ठेका आला. पायी चालणारे म्हातारे आधी मागे पडले, मग घरीच थांबू लागले. लहान मुलींना तर आता बापच पाठवत नाहीत. त्या आवाजात नि त्या रेटारेटीत कोण पाठवेल? म्हणजे पूर्वी दहा वर्षांपर्यंत तरी आम्ही रस्त्यावर होतो, आता पाचव्या वर्षीच गच्चीवर!

मागच्या काही वर्षांतली गोष्ट. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, हृदयाचं दुखणं आहे. जुलूस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. काकूंचा मुलगा मागच्या दाराने आला. हळूच म्हणाला, ‘आवाज थोडा कमी होईन का आपा? मायचा जीव घाबरा होऊन रायला.’ मी भाच्याला खाली पिटाळलं. तो गेला तसा परत आला. म्हणाला, ‘ते म्हणते, त्यांच्या विसर्जनाले कमी होते काय?’

हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. ते बिनबुडाचं आहे, असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्यांच्या काही मिरवणुका आमच्या मोहल्ल्यावरून जातात, तेव्हा आवाज मुद्दाम वाढतो, घोषणांचा सूर बदलतो, हे आम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. त्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतो, पोरांना आत ओढतो. छातीत काय होतं, ते आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणूनच तर मी विचारते: ज्यांना हे माहीत आहे, त्यांनीच दुसऱ्याला खिडकी लावायला का भाग पाडावं? आणि तेही ओट्यावर बसवून गूळपाणी देणाऱ्या काकूंना?

मिलादचा जुलूस काढावा की काढू नये, हा वाद आलिमांचा आहे. मी त्यात पडत नाही. पण जो जुलूस नबींच्या नावाने निघतो, त्याला नबींचीच शिकवण लावून बघायला काय हरकत आहे? वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही ईमानचाच एक भाग आहे, असं त्यांनी सांगितलं. रस्त्यावर बसणाऱ्यांना त्यांनी रस्त्याचा हक्क समजावून दिला: नजर खाली ठेवा, कोणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या. कुरआनात हजरत लुकमान आपल्या मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतात आणि गाढवाच्या ओरडण्याचा दाखला देतात. आता आपली ट्रॉली या तिन्हींपुढे उभी करा. रस्त्याचा हक्क दिला का? त्रास टाळला का? आवाज खाली ठेवला का?

देशाचा कायदाही काही वेगळं सांगत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डीजेच्या भिंतीला ती पाळणं जमणारच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जुलूसातल्या डीजे आणि लेझरविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा गणेशोत्सवात जे घातक आहे ते ईदेतही घातकच, असं न्यायालयाने म्हटलं. यात आपल्यावर कुठला अन्याय झाला? उलट, सगळ्यांना एकच माप लावा, ही तर आपलीच जुनी मागणी आहे!

‘जुलूस म्हणजे कौमची ताकद’ असंही सांगतात. ताकद कशाला म्हणायचं, याचं एक उदाहरण देते. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईतल्या जाणत्या मंडळींनी एकत्र बसून खिलाफत हाऊसहून निघणारा मोठा जुलूस दुसऱ्या दिवसावर नेला. २०२४ मध्ये तो १८ सप्टेंबरला निघाला, २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला. आमच्या इकडे काही पोरं म्हणाली, ‘झुकले.’ दर वेळी आपणच का सरायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही आणि तो दुसऱ्या बाजूलाही विचारला पाहिजे. पण लाखो माणसं एका शब्दावर आपला सण पुढे ढकलतात आणि शहर शांत राहतं, याला मी तरी झुकणं म्हणणार नाही. स्पीकरचं बटण फिरवायला कसली ताकद लागते? दहा हजार रुपये दिले की कोणीही फिरवून देतो.

आता माझ्या जागेबद्दल. ‘बायकांचं रस्त्यावर काय काम?’ या प्रश्नाला मी बुखारी शरीफमधली दोन उत्तरं देते. ईदेच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते, तेव्हा नबींनी हजरत आयेशांना आपल्या आडोशाला उभं केलं आणि बघून त्यांचं मन भरेपर्यंत ते स्वतः उभे राहिले. आणि ईदगाहवर तरुण मुलींनाही घेऊन या, असं त्यांनी सांगितल्याचं हजरत उम्मे अतिय्यांनी नोंदवलं आहे. मग आमच्या कठड्याला या चादरी कोणी बांधल्या?

२०२४ च्या २६ जानेवारीला मी दूरदर्शनवर दिल्लीचं संचलन बघत होते. सुरुवातच शंभरावर महिला कलावंतांनी वाद्यं वाजवत केली. तिन्ही दलांतल्या स्त्रियांची एकत्र तुकडी त्या वर्षी पहिल्यांदाच चालली. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, ‘अम्मी, आपल्या जुलूसात तू का नाही?’ मी चहा ठेवायला उठून गेले.

तिला उत्तर द्यायला हवं होतं. सांगायला हवं होतं, की १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. हमीद दलवाईंनी तो काढला होता. दलवाईंची सगळी मतं मला पटत नाहीत, वाचकांपैकीही अनेकांना पटत नसतील. पण सातजणी चालल्या, ही गोष्ट खरी आहे. ना ढोल, ना स्पीकर. त्यांनी जे मागितलं, ते सर्वोच्च न्यायालयाने एकदम दिलेला तलाक रद्द ठरवला तेव्हा, म्हणजे ऑगस्ट २०१७ मध्ये, आपल्या दारात आलं. सात बायकांच्या पायांचा आवाज एक्कावन्न वर्षं ऐकू येत राहिला. आपल्या डीजेचा आवाज दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या लक्षात असतो?

‘एवढ्या गर्दीत बायकांना सांभाळायचं कसं?’ असं शेवटी विचारतात. ज्या जुलूसात तुमची आई, तुमची मुलगी सुखाने चालू शकत नाही, त्यात खोट जुलूसाची आहे. आईला वर पाठवून ती जात नाही.

म्हणून कमिटीतल्या भावांना माझं सांगणं आहे. डीजे बंद करा. त्याचे पैसे मोहल्ल्यातल्या मुलींच्या फीला लावा. हातगाडी पुन्हा काढा, नात ऐकू येईल अशी म्हणा. म्हाताऱ्यांना, मुलांना आणि बायकांना पुढे चालू द्या, त्यांच्या पावलाने बाकीच्यांनी चाला. रुग्णाच्या दारापुढून जाताना गप्प राहा, मग तो दार कोणाचंही असो.

येत्या मिलादला कठड्याला चादरी बांधायचं काम मी करणार नाही. मुलीला घेऊन खाली उतरणार आहे. जुलूसात जागा मिळाली तर चालेन. नाही मिळाली, तर काकूंच्या ओट्यावर बसेन. तिथून रस्ता चांगला दिसतो.