परवानगीचा कागद

आमच्या गोव्यातील माणसाला परदेश नवा नाही. कोणी पूर्व आफ्रिकेत गेला, कोणी आखातात गेला. परंतु तो जेथे जाई तेथेच त्याचा धनी असे, आणि ज्या देशात राबावयाचे त्याच देशाचा परवाना त्याच्या खिशात असे. आता आमच्या डोळ्यांदेखत निराळाच प्रकार सुरू झाला आहे. नागरिकत्व एका देशाचे, धनी दुसऱ्या देशात आणि मुक्काम तिसऱ्याच देशात! लॅपटॉप उघडला की कचेरी सुरू झाली. या नव्या उद्योगाचे आम्हां विद्यार्थ्यांस आकर्षण वाटते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु असे काम करावयाचे तर ते त्या देशाची रीतसर परवानगी घेऊनच करावे, पर्यटक म्हणून जाऊन चोरून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आम्ही केवळ पुस्तकावरून बनविलेले नाही. आमच्या एका वर्गबंधूचे थोरले बंधू असेच पर्यटकाच्या व्हिसावर परदेशी राहून तिसऱ्या देशातील एका कंपनीचे काम करीत असत. पुढे कंपनीने त्यांचा तीन महिन्यांचा पगार अडवून धरला. तक्रार करावी तर कोठे? पोलिसांकडे जावे तर पहिला प्रश्न येणार, "आपण येथे काम कसे करीत होता?" ते गप्प राहिले आणि गावाहून पैसे मागवून परत आले. कष्ट खरे होते, पण ते सांगावयाची सोय नव्हती. ज्या श्रमाचा उच्चार उघडपणे करता येत नाही, त्या श्रमाचे मोल मागता येत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

कोणी म्हणतील, "असा माणूस तेथील कोणाची नोकरी हिरावून घेत नाही, उलट बाहेरचा पैसा तेथे खर्च करतो. मग त्याने कोणाचे काय बिघडविले?" या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण तो माणूस त्याच गावाचे पाणी पितो, त्याच रस्त्याने चालतो आणि त्याच गावातील घर भाड्याने घेतो. लिस्बन शहरात 2023 साली घरांच्या महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्या महागाईची कारणे अनेक होती. तथापि बाहेरून येणाऱ्या अधिक मिळकतीच्या लोकांचे नाव त्यांत घेतले गेलेच. पाहुणा कोण, किती दिवसांचा आणि कशासाठी आला, हे विचारण्याचा अधिकार यजमानास असतोच.

सुदैवाने आता अनेक देशांनी आपण होऊन दार उघडले आहे. एस्टोनियाने 2020 च्या ऑगस्टपासून अशा कामगारांसाठी स्वतंत्र व्हिसा दिला. बार्बाडोसनेही त्याच वर्षी बारा महिन्यांच्या मुक्कामाची सोय केली. पोर्तुगालने 2022 साली, तर थायलंडने 2024 साली तोच मार्ग धरला. मात्र दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. पोर्तुगालने तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक मिळकतीची अट घातली. थायलंडने पाच लक्ष बाट शिल्लक दाखवावयास सांगितले. शिवाय अनेक देशांत वर्षातून 183 दिवस वास्तव्य झाले की तेथील प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो. व्हिसा मिळाला म्हणजे कर चुकला, असे समजणे भोळेपणाचे आहे.

या अटी श्रीमंतांस सोप्या व होतकरूंस कठीण आहेत, हे आम्हांस खुपते. फोंडा किंवा डिचोलीच्या एखाद्या मुलाने नुकतीच नोकरी धरली, तर त्याने एवढी मिळकत कोठून दाखवावी? राष्ट्रांनी या अटी सौम्य कराव्यात, अशी मागणी अवश्य व्हावी. पण नियम कडक आहे म्हणून खोटे बोलावे, हा त्यावर उपाय नव्हे. तोवर घरी राहून परदेशी काम करता येते. त्यात कमीपणा कसला?

शेवटी एक साधी कसोटी सांगतो. आमच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे येतात. त्यांनी आमच्या देशाचे कायदे पाळावेत, अशी आमची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मग आम्ही दुसऱ्याच्या गावी जाऊ तेव्हा निराळे माप का वापरावे? परवानगीचा कागद ही पायातली बेडी नव्हे. संकटसमयी "मी येथे हक्काने राहतो" असे मान वर करून सांगता यावे, यासाठी तो जवळ असावा लागतो. उद्या जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात आमच्यापैकी कोणी काम करीत बसला, तर त्याने दाराची कडी वाजताच लॅपटॉप मिटू नये, एवढीच आमची इच्छा आहे.