बारावीनंतरची पेरणी



बारावीचा निकाल आणि मृगाची पेरणी मागेपुढेच येतात. बियाण्याला ठेवलेल्या पैशातूनच कॉलेजची फी निघते. पोराला, पोरीला कशात घालायचे? मास्तर एक सांगतात, मामा दुसरे सांगतो आणि शेवटी शेजारच्याचा मुलगा जिथे गेला तिथेच आपलाही जातो.

मागल्या साली कपाशीला भाव मिळाला की यंदा सारा तालुका कपाशी लावतो आणि वेचणीच्या वेळी भाव कोसळतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शिक्षणात मात्र आपण तीच चूक डोळे झाकून करतो. मास्तरकी पक्की म्हणून २००० नंतर डी.एड.ची विद्यालये जागोजागी निघाली. लोकांनी वावर गहाण ठेवून पोरे घातली. मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली. नंतर झालेली भरती एवढ्या पिकाला पुरणारी नव्हती. विद्यालये विद्यार्थ्यांवाचून बंद पडली, कर्ज मात्र बापाच्या डोक्यावर राहिले.

शेती तोट्याची आहे म्हणून पोर नोकरीकडे पळते. यात त्याचा दोष नाही. घामाचे दाम मिळेपर्यंत ते पळणारच. पण पळताना वाट तरी पाहून पळावे.

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार आहे. आपल्या वावरातला कापूस कापड होऊन तिथल्या गादीवर येईपर्यंत किती मुक्काम करतो ते मोजा. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. धागा किती लांब, ओलावा ८ टक्के की १२, यावर भाव ठरतो. तो ठरवणारा ग्रेडर, जिनिंगचा यंत्रज्ञ, सरकीचे तेल काढणारा, सूत रंगवणारा, जमाखर्च लिहिणारा, करार करणारा वकील, असा प्रत्येक मुक्कामी एक जाणकार बसला आहे. त्यांत आपल्या घरचे किती?

ही विद्या शिकायला मुंबई गाठावी लागत नाही. नागपुरात १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. जिनिंगचे सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. १९४२ साली निघालेल्या लक्ष्मीनारायण संस्थेत तेलाचे तंत्रज्ञान शिकवतात. मात्र कृषी पदवी घेऊनही एमपीएससीच्याच रांगेत उभे राहायचे असेल, तर ते नव्या नावाचे डी.एड. झाले.

जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली, त्या जागेवर मॉल आला. कापसाचा व्यापार मात्र चालूच आहे. म्हणून एका नोकरीवर नजर ठेवून शिकू नका, चार ठिकाणी चालेल असा हुन्नर घ्या. कपाशीत तुरीची ओळ ठेवता, खायला ज्वारी पेरता, तसे पदवीच्या जोडीला हाताचे एक काम शिकू द्या.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. फी, खोली आणि खानावळ धरून पूर्ण खर्च किती? मागल्या तीन वर्षांत तिथून निघालेली मुले आज कुठे आहेत, कितीवर आहेत? आणि नोकरी नाहीच मिळाली, तर या विद्येवर गावात चार पैसे मिळतील का? कॉलेजवाल्यांची जाहिरात वाचू नका, तिथून शिकून निघालेल्या पोरांना गाठून विचारा.

पोरीला मागे ठेवू नका. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. दाखले निकालाआधीच काढून ठेवा.

आणि शेवटचे. वावर विकून किंवा गहाण टाकून शिक्षण घेऊ नका. पेरणी फसली तर पुढल्या मृगात पुन्हा पेरता येते. वावर गेल्यावर पेरायचे कशात?