पूर्वानुभवाची अट आणि बंद रिअ‍ॅक्टर

जून २०२५मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाच्या व्यय विभागाने हुकूम काढून संशोधनसंस्थांच्या प्रमुखांना वैज्ञानिक उपकरणे व रसायने जेम पोर्टलबाहेर घेण्याची मुभा दिली आणि दरपत्रकांवाचून थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपयांवर नेली, याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु प्रयोगशाळेने विकत घ्यावे कसे, हा प्रश्न अंशतः सुटला, तरी प्रयोगशाळेत जे निपजले ते विकावे कसे, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे. आणि हिंजवडीच्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत याच एका तक्रारीचा सूर आहे.

तक्रार अशी, की झिओलाइट उत्प्रेरक असो वा शोषक कार्बन, निविदेच्या मसुद्यात ‘व्यापारी संयंत्रात इतकी वर्षे चालल्याचा दाखला’ ही अट पहिल्याच पानावर असते. दाखला नाही म्हणून रिअ‍ॅक्टर मिळत नाही आणि रिअ‍ॅक्टर मिळत नाही म्हणून दाखला मिळत नाही. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ यांतील १७३ व्या नियमाने, गुणवत्तेचे व तांत्रिक निकष पुरे होत असतील तर नवोद्योगांसाठी पूर्वानुभवाची अट शिथिल ‘करता येईल’, असे म्हटले आहे. पण या ‘करता येईल’चा अर्थ खरेदी-अधिकारी ‘न केल्यास हरकत नाही’ असा लावतात आणि निविदेखाली ‘सूट लागू नाही’ एवढे तीन शब्द लिहून मोकळे होतात. संयंत्र एक दिवस बंद पडले तर होणाऱ्या हानीचा जाब त्यांनाच द्यावा लागतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच मुख्य रिअ‍ॅक्टर नव्हे, तर त्याच्या प्रवाहातून काढलेली एक छोटी उपवाहिनी चाचणीसाठी मोकळी ठेवावी, एवढीच आमची मागणी आहे.

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या चमूने झायलीन आयसोमरायझेशनसाठी घडवलेला ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक कारखान्यापर्यंत पोहोचला, तो असोसिएटेड सिमेंट कंपनीने त्याच्या उत्पादनाची जबाबदारी घेतली आणि इंडियन पेट्रोकेमिकल्सने आपले संयंत्र त्याला दिले म्हणून. त्या दिवशी त्या उत्प्रेरकापाशी कोणता पूर्वानुभव होता?

मात्र दोष एकाच पक्षाचा नाही. आपल्यापैकी कितीजण भुकटीचे बीईटी पृष्ठफळ छापून समाधान मानतात, आणि बाइंडर घालून वळलेल्या गोळ्यांत त्या पृष्ठफळापैकी किती उरले, क्रशिंग स्ट्रेंथ किती, कोक जाळून पुनरुज्जीवन केल्यावर दहाव्या फेरीस रूपांतरण किती टिकले, हे विचारताच निरुत्तर होतात! २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन व याघी यांना धातु-सेंद्रिय सच्छिद्र संरचनांसाठी मिळाले, त्याचा आनंद आपल्या सर्वांनाच झाला. पण ग्रॅमभर स्फटिकाचे सुंदर चित्र आणि ओल्या, गंधकयुक्त वायूत वर्षभर टिकणारी शंभर किलोंची खेप यांतले अंतर कोणत्याही पारितोषिकाने कापले जात नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये येथल्याच केपीआयटीने सीएसआयआरच्या साहाय्याने हायड्रोजन इंधनघटावर चालणारी बस पुण्यात रस्त्यावर आणली. त्या घटात वायूला प्लॅटिनमपर्यंत नेणारा आणि तयार झालेल्या पाण्याला बाहेरची वाट देणारा सच्छिद्र कार्बनचा थर नसेल, तर सारे यंत्र निरुपयोगी आहे. देशाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याला लागणारी रंध्रे आपण घडवायची की परदेशातून आणायची, याचा निर्णय याच निविदांच्या पानांवर होणार आहे.

म्हणून वाचकहो, तीन गोष्टी करा. ज्यांच्या हाती संयंत्र आहे त्यांनी एक उपवाहिनी मोकळी करावी. जे निर्माते आहेत त्यांनी भुकटीचा नव्हे, गोळीचा अहवाल पाठवावा. आणि ज्यांच्या निविदा केवळ पूर्वानुभवाच्या अटीवर फेटाळल्या गेल्या, त्यांनी त्या अटीची नक्कल आमच्याकडे धाडावी. या नकला एकत्र बांधून आम्ही स्वतः व्यय विभागाकडे नेऊ आणि ‘करता येईल’च्या जागी ‘करावी’ हा शब्द मागू.