पॅलेडियम दाण्यावरच राहिले पाहिजे

पॅलेडियमच्या मदतीने दोन सेंद्रिय रेणूंचे कार्बन अणू एकमेकांना जोडता येतात. रक्तदाबावरच्या लोसार्टनच्या निर्मितीत अशीच ‘सुझुकी जोडणी’ वापरतात. या पद्धतींसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० सालचे नोबेल मिळाले. अभिक्रियेत पॅलेडियम खर्ची पडत नाही, पण विरघळलेल्या रूपात वापरले तर बॅच संपल्यावर ते मालातून वेगळे काढणे जिकिरीचे ठरते. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

यावर उपाय म्हणजे धातू पॉलिमरला बांधणे. डायव्हिनाइल बेंझीनने साखळ्या जोडलेल्या पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांवर फॉस्फीन किंवा कार्बीन गट रासायनिक बंधाने बसवतात आणि ते गट पॅलेडियमला धरून ठेवतात. बॅच संपली की दाणे गाळायचे, धुवायचे आणि पुन्हा रिअॅक्टरमध्ये टाकायचे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. भालचंद्र भानगे यांच्या गटाने अशा पॅलेडियम-कार्बीन उत्प्रेरकांवर संशोधन केले आहे.

दाण्यांच्या मर्यादाही आहेत. टोल्युइनमध्ये ते फुगतात आणि आतले पॅलेडियम कामी येते; पाण्यात ते फुगत नाहीत. ढवळणीने दाणे फुटले की भुगा गाळणीचे कापड तुंबवतो. फॉस्फीनचे ऑक्सिडेशन झाले की पकड सुटते आणि काळा धातू खाली बसतो.

म्हणून उत्प्रेरक किती वेळा वापरला, एवढ्यावर त्याची पारख होत नाही. अभिक्रिया अर्ध्यावर असताना द्रावण गरम असतानाच गाळून घ्यावे आणि दाण्यांविना तापवत ठेवावे. उत्पादन तरीही वाढत राहिले, तर धातू द्रावणात उतरला आहे असे समजावे. वाढ थांबली तरी गाळलेल्या द्रावणातले पॅलेडियम उपकरणाने मोजावेच, कारण निष्क्रिय झालेला धातू या चाचणीत दिसत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या औषधी-रसायन कारखान्यांसाठी हा हिशोब महत्त्वाचा आहे. धातू दाण्यावर टिकला तर खर्च वाचतो आणि सांडपाण्यातला भार घटतो. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीने रासायनिक सांडपाणी पुष्कळ सोसले आहे. दाणे निकामी झाले तरी त्यांतला धातू वाया जात नाही. नवी मुंबईत मौल्यवान धातू परत मिळवणारा उद्योग आहे. कारखान्यांनी असा उत्प्रेरक जरूर स्वीकारावा, मात्र प्रत्येक बॅचनंतर द्रावणात उतरलेल्या पॅलेडियमची नोंद ठेवावी.